गाडीचे स्पार्क प्लग, वायरी आणि इग्निशन कॉइल घरच्या घरी बदलताना

चढावर गाडी दाबली की झटके देते, थांबलेली असताना इंजिन थरथरतं, सकाळी दोन-तीनदा स्टार्टर मारावा लागतो, ॲव्हरेजही घसरलेलं असतं. गॅरेजच्या भाषेत, गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही (यालाच मिसफायर म्हणतात). अशा वेळी बहुतेक जण थेट नवीन कॉइल मागवून मोकळे होतात. माझा सल्ला वेगळा आहे. आधी प्लग बाहेर काढून बघा. कॉइल खरोखरच गेलेली असली, तरी ती जाण्यामागे बरेचदा झिजलेला प्लग असतो. जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवली, तर तीही लवकर जाते.

हे कसं होतं ते समजून घेतलं की पुढचं काम सोपं जातं. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे २० ते ४० हजार व्होल्ट करते आणि तो दाब प्लगच्या टोकाशी असलेल्या मिलिमीटरभर फटीतून ठिणगी उडवतो. इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला २५. दर ठिणगीबरोबर धातूचा कण झिजतो आणि फट रुंदावते. फट रुंदावली की ती ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. कॉइल तेवढी जास्त राबते, तापते, आतलं इन्सुलेशन हळूहळू हार मानतं. किंवा वीज दुसरी वाट शोधते: प्लगवर चढणाऱ्या रबरी टोपीला, म्हणजे बूटला, गेलेली चीर, वायरीवरचा तडा, जिथून इंजिनच्या धातूकडे उडी मारता येईल तिथून.

डिझेल गाडीवाल्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतातच. तिथले ग्लो प्लग हे पूर्ण वेगळं प्रकरण आहे.

आधी दुखणं कुठलं ते शोधा

डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला असेल तर गाडी सावकाश घरापर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिसफायर इतका जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. कन्व्हर्टरचा आतला भाग त्या उष्णतेने वितळू शकतो, आणि त्याच्या खर्चापुढे प्लग-कॉइलचा खर्च काहीच नाही.

साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, हाताशी असेल तर कोड वाचा. पी०३०० म्हणजे मिसफायर एका जागी नाही, फिरता आहे. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असं पुढे. पी०३५१ पासूनचे कोड कॉइलच्या सर्किटबद्दल बोलतात. इथे एक गोष्ट लोक विसरतात: पी०३०१ हा कोड फक्त कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही. तो बघून थेट कॉइल मागवणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

कारण शोधायची पद्धत फुकट आहे. समजा पहिल्या सिलिंडरचा कोड आला. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवा, कोड पुसा, गाडी थोडी फिरवून आणा. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइलच खराब. कोड जागचा हलला नाही, तर तसेच प्लग आपसांत बदला. तरीही पहिलाच सिलिंडर ओरडत असेल, तर दोष इग्निशनमध्ये असण्याची शक्यता कमी. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), कनेक्टरची वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासायला हवं. पहिला सिलिंडर कुठला हे मॅन्युअलमध्ये बघा. सरळ रांगेच्या इंजिनात तो बहुधा बेल्टच्या बाजूला असतो, पण अंदाजावर जाऊ नका.

चालू इंजिनवर प्लगची वायर उपटून ठिणगी बघायची जुनी सवय सोडून द्या. झटका जबरदस्त बसतो, पेसमेकर असलेल्या माणसाला तर तो जिवावर बेतू शकतो, आणि उघड्यावर पडलेली ठिणगी कॉइललाही मारते.

तुमच्या गाडीत काय आहे आणि विकत काय घ्यायचं

बॉनेट उघडून प्लास्टिकचं कव्हर काढलं की तीनपैकी एक चित्र दिसेल. जुन्या गाड्यांत एक कॉइल, वीज एकेका प्लगला वाटून देणारा एक डिस्ट्रिब्यूटर आणि त्यातून प्रत्येक प्लगकडे गेलेल्या जाड वायरी. त्यानंतरच्या पिढीत डिस्ट्रिब्यूटर गेला आणि एक कॉइल पॅक आला, वायरी राहिल्या. आताच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते आणि जाड वायरी नसतातच. तेव्हा 'प्लग, वायरी, कॉइल असा पूर्ण सेट' मागवण्याआधी एकदा डोकावून बघा.

प्लग घेताना गाडीच्या मॅन्युअलमधला नंबर हाच खरा. जुन्या प्लगवरचा नंबर बघून आणाल, तर आधीच्या कुणी चुकीचा बसवलेला असेल तर तीच चूक पुढे चालू राहील. नंबरात आट्यांचा व्यास, लांबी आणि हीट रेंज असं सगळं दडलेलं असतं. हीट रेंज म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती वेगाने बाहेर सोडतो. एनजीके आणि डेन्सोच्या नंबरांत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनच्या नंबरांत नेमकं उलटं. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीत शोधायला जाऊ नका, तुलनेचा तक्ता बघा.

साधे निकेलचे प्लग साधारण ३० ते ५० हजार किलोमीटर चालतात, प्लॅटिनमचे ६० हजार ते लाखभर, इरिडियमचे लाखाच्या आसपास किंवा पुढेही. कंपनीने इरिडियम दिलेलं असेल तर पैसे वाचवायला निकेल लावू नका. उलट, निकेलवाल्या गाडीत योग्य नंबरचे इरिडियम लावले तर ते टिकतात जास्त, पण पिकअप वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. तसा फरक जाणवला, तर तो जुने प्लग किती झिजले होते याचा पुरावा असतो. कॉइल पॅकच्या गाड्यांत एक बारकावा आहे: तिथे एकाच कॉइलवर दोन प्लग असतात आणि त्यातल्या एकात ठिणगी उलट दिशेने उडते. म्हणून दोन्ही इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम असलेले प्लग सांगितले असतील तर तेच घ्या. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, तेव्हा प्लग लवकर बदलावे लागतात आणि काही इंजिनांत फटही कमी ठेवायला सांगितलेली असते.

इरिडियम प्लगचा नकली माल खूप फिरतो. खऱ्या इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. छपाई पुसट असेल, टोक जाडजूड असेल आणि किंमत अविश्वसनीय कमी असेल, तर तो प्लग घेऊ नका.

काम सुरू करण्याआधी आपल्या इंजिनचं नाव टाकून त्याच्या खोड्या माहीत करून घ्या. फोर्डचं २००४ ते २००८ मधलं ५.४ लिटर थ्री-व्हॉल्व ट्रायटन इंजिन याबाबतीत कुप्रसिद्ध आहे: प्लग दोन तुकड्यांचा, आणि काढताना खालचा तुकडा हेडमध्येच, म्हणजे प्लग बसतात त्या इंजिनच्या वरच्या भागातच, राहतो. आडव्या बसवलेल्या व्ही-सिक्स इंजिनात मागच्या तीन प्लगांपर्यंत पोहोचायला अनेकदा इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने असल्या इंजिनावर हात बसवू नये. सरळ चार सिलिंडरचं इंजिन असेल तर तासाभरात निवांत होतं.

हत्यारं

रॅचेट, १५ ते २५ सेंटिमीटरचं एक्स्टेंशन, आणि प्लगचा सॉकेट. सॉकेट बहुधा १६ मिलिमीटरचा लागतो, जुन्या गाड्यांना २१ चा, काही नव्या गाड्यांना १४ चा बारा कोनांचा. आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या, म्हणजे प्लग वर येताना निसटत नाही. रबरवाला कधीकधी प्लगलाच चिकटून खाली राहतो. सॉकेट आणि एक्स्टेंशनच्या सांध्यावर टेप गुंडाळली की हा त्रास संपतो. कॉइलच्या बोल्टला १० चा सॉकेट किंवा टॉर्क्स बिट. फट मोजायला तारेचं गेज. बुटात लावायला डायइलेक्ट्रिक ग्रीस. धूळ उडवायला कॉम्प्रेसर, नाहीतर हवेचा कॅन किंवा हातपंप. आणि टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना. बाकी सगळं उसनं चालेल, पण पहिल्यांदा करताना टॉर्क रेंच हवाच.

जुनं बाहेर काढणं

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर गरम असताना त्याचे आटे नरम असतात आणि प्लगबरोबर ओरबाडून बाहेर येऊ शकतात. किल्ली काढा, बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली लांब ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली तर उत्तम, फक्त त्याने घड्याळ आणि रेडिओची सेटिंग्ज जाऊ शकतात आणि इंजिन थोडा वेळ आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) नीट बसत नाही, हे लक्षात असू द्या. काही उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

कॉइलच्या कनेक्टरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेलं असतं. त्याला सरळ ओढायला गेलात की लॉक मोडतं. आधी कनेक्टर किंचित आत दाबा, मग खिटी अंगठ्याने दाबून धरा आणि बाहेर घ्या. काही कनेक्टरांना वेगळ्या रंगाची सरकती पट्टी असते, ती आधी मागे घ्यायची. बोल्ट काढला की कॉइल डावी-उजवीकडे जराशी फिरवून चिकटलेला बूट सुटा करा आणि सरळ वर ओढा. वायरींचंही तसंच: बूट धरून फिरवायचा, वायरीला धरून कधीच ओढायचं नाही, आतला कार्बनचा धागा तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता प्लगला हात लावायच्या आधी, प्लग ज्या खोल नळीच्या तळाशी बसलेला असतो त्या नळीतली धूळ, वाळू, पाचोळा हवेने उडवून टाका. ही पायरी गाळावीशी वाटते, पण प्लग निघाल्यावर ती वाळू थेट सिलिंडरमध्ये पडणार असते. डोळ्यांवर चष्मा ठेवा. नळीत तेल साचलेलं दिसलं तर ते कापडाने टिपून घ्या, आणि समजा की टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा नळीचं सील गेलंय. ते न बदलता नवी कॉइल बसवली तर तिचा बूट तेलात फुगून थोड्याच दिवसांत तीच तक्रार परत येते.

सॉकेट प्लगवर पूर्ण बसवा, एक्स्टेंशन सरळ ठेवा. तिरका जोर दिला की प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा जातो. पहिल्या पाव फेऱ्याला 'कट्' असा आवाज येतो, घाबरू नका. त्यानंतर प्लग जवळपास बोटांनी फिरायला हवा. मध्येच पुन्हा जड लागला, तर जोर लावू नका. थोडं उलट फिरवा, गंज सोडवणारं तेल सोडा, वेळ द्या, मग पुढे-मागे असं करत हळूहळू वर आणा. जड प्लग हट्टाने ओढणाऱ्याला शेवटी हेडच्या खराब झालेल्या आट्यांच्या जागी इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची नळी, बसवून घ्यावी लागते, आणि ते घरी शिकायचं काम नाही.

जुना प्लग काय सांगतो

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. फेकायची घाई करू नका. या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची माहिती इथे आहे.

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन नीट जळतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी: एअर फिल्टर, सेन्सर, गळका इंजेक्टर बघा. नुसत्या छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही अशी काजळी धरते, कारण प्लग स्वतःला जाळून साफ करण्याइतका तापतच नाही. ओला काळा तेलकट थर असेल तर व्हॉल्व सील किंवा पिस्टन रिंगांतून तेल वर येतंय, तिथे नवा प्लग म्हणजे तात्पुरता दिलासा. पांढरंफटक टोक आणि त्यावर फोड दिसले तर प्लग अति तापलाय: हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), कूलिंगमध्ये गडबड, किंवा चुकीची हीट रेंज. आतली चिनी माती फुटलेली असेल तर इंजिन नॉक होत असण्याची, म्हणजे मिश्रण भलत्या वेळी भडकत असण्याची, दाट शक्यता.

चारही प्लग सारखे दिसत असतील तर दोष सामाईक आहे. एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा. या एका तुलनेवरून मेकॅनिकशी बोलायची तुमची पद्धतच बदलते.

बाहेरच्या पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या कडेलगत तपकिरी पट्टा दिसला तर वायू गळतोय असं समजून हेड उघडू नका. उच्च दाबाच्या विजेभोवती हवेतले तेलाचे कण चिकटून तो डाग पडतो, निरुपद्रवी असतो. पण वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल, तर ठिणगी बाहेरून पळाली आहे. त्याच रेघेची जोडी कॉइलच्या बुटाच्या आतही सापडेल. तो बूट बदलायलाच हवा, नाहीतर नव्या प्लगवरही वीज तीच वाट धरते.

नवा प्लग बसवणं

खोक्यावर 'फट आधीच लावलेली' असं छापलेलं असतं, तरी मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. दुरुस्त करायची तर फक्त बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड हलवायचा. इरिडियमच्या मधल्या टोकाला टेकू देऊन काही उचकटलंत तर ते टोक तुटतं. फरक मोठा असेल तर प्लग परत करा. आणि हातातून जमिनीवर पडलेला प्लग वापरू नका, आतला तडा डोळ्यांना दिसत नाही.

आता संपूर्ण कामातली सर्वांत नाजूक पायरी. प्लग सॉकेटमध्ये अडकवा, रॅचेट बाजूला ठेवा, आणि नुसत्या एक्स्टेंशनने तो हलकेच खाली न्या. वरून सोडून दिलात तर फट बंद होते. टेकल्यावर आधी उलट, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवा. आट्यांची तोंडं जुळली की एक बारीकसा 'टक्' बोटांना जाणवतो. मग सुलट फिरवा. पाच-सहा फेरे बोटांनीच जायला हवेत. एक-दोन फेऱ्यांतच अडला तर आटे तिरके चढतायत. काढा आणि परत सुरुवात करा. नळी खोल असेल तर प्लगच्या मागच्या टोकावर बसेल असा रबरी पाइपचा तुकडा फार कामाचा. आटे तिरके चढायला लागले की पाइप आपोआप घसरतो, हेडचं नुकसान करण्याइतका जोर त्याच्यात नसतोच.

प्लग टेकला की टॉर्क रेंच. गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पहिला. तो नसेल तर ॲल्युमिनियम हेडसाठी सर्वसाधारण आकडे असे: वॉशरवाला १४ मिलिमीटर आट्यांचा प्लग २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ चा १५ ते २०, १० चा फक्त १० ते १२. वॉशर नसलेला, उतरत्या बैठकीचा १४ चा प्लग १० ते २०. रेंच नसेलच तर १४ चा नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, म्हणून एक बारांश फेरा पुरे. उतरत्या बैठकीच्या प्लगला जेमतेम एक सोळांश.

आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण, लावावं का, यावर मेकॅनिक मंडळी तावातावाने भांडतात. माझं मत: मुलामा दिलेल्या आट्यांच्या आधुनिक प्लगला लावू नका. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात. बुळबुळीत आट्यांवर तोच आकडा गाठला तर प्लग प्रत्यक्षात खूप जास्त आवळला जातो, आणि प्लगची मान ताणली जाते. सैल प्लगही तितकाच वाईट. प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि बैठकीतूनच हेडमध्ये जाते. बैठक सैल असेल तर टोक लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू लागतं.

वायरी

एका वेळी एकच वायर काढा आणि तिच्याजागी तेवढ्याच लांबीची नवी बसवा. सगळ्या एकदम उपटल्यात तर नंतर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, शोधत बसाल. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ती १-३-४-२ असते, पण सगळ्यांत नाही. वायरी मूळच्या क्लिपांतूनच न्या, एक्झॉस्टला टेकू देऊ नका.

जुन्या वायरी खरंच खराब आहेत का हे बघायचं असेल तर अंधारात, इंजिन आयडलवर ठेवून, त्यांच्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर उत्तर मिळालं. मल्टिमीटरने मोजायचं तर कार्बन धाग्याच्या वायरीत मीटरमागे साधारण १० ते १५ हजार ओहम दिसतात. पण आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची: लांबीच्या मानाने एखादीच वायर फार वेगळी दिसली, किंवा हलवल्यावर आकडा उड्या मारू लागला, तर ती गेली. डिस्ट्रिब्यूटर असेल तर त्याचं झाकणही उघडा. आत काळ्या रेघा किंवा हिरवट गंज असेल तर नव्या वायरी लावून काही उपयोग नाही.

कॉइल: एक की सगळ्या?

प्लग आणि वायरी नेहमी सेटने बदलाव्यात. कॉइलबाबत मी एवढा उदार नाही. एक गेली तर एक बदला. अदलाबदलीने बाकीच्या निर्दोष ठरल्या असतील तर त्यांना राहू द्या. अपवाद दोन: बाकीच्यांचे बूट कडक होऊन तडकलेत, किंवा कॉइलपर्यंत पोहोचायला मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. नुसता बूट खराब असेल तर काही कॉइलचे बूट सुटे मिळतात, ते आधी विचारा.

जुन्या, दोन टर्मिनलांच्या कॉइलमध्ये मल्टिमीटर उपयोगी पडतो: प्रायमरीत (कमी व्होल्टच्या गुंडाळीत) साधारण अर्धा ते दोन ओहम, सेकंडरीत (जास्त व्होल्टच्या गुंडाळीत) काही हजार. पण प्लगवर बसणाऱ्या तीन-चार पिनांच्या कॉइलच्या पोटात इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तिथे ओहमचे आकडे काही सांगत नाहीत. शिवाय बऱ्याच कॉइल गरम झाल्यावरच फसतात. तिथे अदलाबदल हीच खरी परीक्षा.

बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा, गोळा भरू नका. हे ग्रीस वीज वाहत नाही; बूट चिकटू नये आणि ओल आत शिरू नये एवढ्यासाठीच ते असतं. कॉइल सरळ दाबून बसवा, बोल्ट हलक्या हाताने आवळा, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. कनेक्टर 'खट्' वाजेपर्यंत आत जायला हवा. काम झाल्यावर गाडी सुरू न होण्याची किंवा आधीपेक्षा वाईट थरथरण्याची कारणं शोधली, तर अर्धवट बसलेला कनेक्टर यादीत पहिला असतो.

सुरू केल्यावर

बॅटरीची तार जोडा, हत्यारं मोजून घ्या, इंजिन सुरू करून बॉनेट उघडं ठेवूनच ऐका. नियमित 'फुस्-फुस्' किंवा 'टिक्-टिक्' ऐकू आलं तर एखादा प्लग सैल आहे. इंजिन पुन्हा थंड होईपर्यंत थांबून टॉर्क तपासा. कोड पुसा. बॅटरी सोडली होती तर पहिली काही मिनिटं आयडल वर-खाली होईल, त्याची काळजी नको. मग चढाच्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून बघा. दुबळी ठिणगी अशाच वेळी उघडी पडते, मोकळ्या सपाट रस्त्यावर नाही.

इतकं करूनही मिसिंग राहिलंच, तर पुढचा क्रम असा ठेवा: त्या सिलिंडरच्या कॉइल कनेक्टरला वीज येते का, इनटेकच्या एखाद्या पाइपमधून हवा ओढली जातेय का, इंजेक्टर टकटक करतोय का, आणि शेवटी कॉम्प्रेशन. पहिल्या दोन गोष्टी घरी तपासता येतात. कॉम्प्रेशनचं मीटर नसेल तर तिथून पुढे गाडी गॅरेजला न्या. जाताना क्रमाने ठेवलेले जुने प्लग बरोबर घ्या. चांगला मेकॅनिक ते आधी मागेल.